बारा हात भिंत

"दादा, हे बाहेर आलेले दगड तेवढे कापून टाका. दुपारी पुरस्काराचे परीक्षक येणार आहेत," कॉलेजचा आराखडा करणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

गवंड्याला आधी वाटलं, थट्टाच चाललीय. नव्या कॉलेजच्या उतारावरची ही बारा हातांची भिंत त्याने दोन वर्षांपूर्वी नमुना म्हणून रचली होती. टोकाला एकाआड एक दगड मुद्दाम बाहेर सोडले होते, पुढची भिंत त्यांत गुंतवता यावी म्हणून. काम पुढे न्यायचं असलं की कुठलाही गवंडी असंच सोडतो.

"कापले तर पुढची भिंत कशाला जोडू?"

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. "पुढची नाहीये, दादा. समितीने तेव्हाच काँक्रीट ठरवलं. वरून दगडाच्या पातळ फरश्या चिकटवल्यात, तेवढंच. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

कळलं असेल म्हणे. त्याला कोण सांगणार होतं? नमुन्यानंतर त्याला आज पहिल्यांदाच इथे बोलावलं होतं. वर्षभर त्याने या बाईला अख्खा उतार पायाखाली घालून दाखवला होता. पाणी कुठून उतरतं, दगड कोणत्या अंगाने फुटतो, वारा कुठे अडवायचा, हातचं काही राखलं नाही. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, "कॉलेज असंच बांधायचं, दादा. तुमच्याच हातून." तेवढ्यावर याने मेव्हण्यासकट सहा गवंडी अडकवून ठेवले. मेव्हण्याने तर हातातलं पुलाचं काम सोडलं. बायको कानीकपाळी ओरडायची, "कागदावर लिहून घ्या." हा म्हणायचा, "ती तशी नाही गं."

"जमत नसेल तर मशीनवाल्याला बोलावते," मॅडम हळूच म्हणाल्या.

मशीन लावली की भिंत पार मागपर्यंत हलणार. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्याने निमूट छिन्नी काढली. राग इतका होता की पहिला घाव वायाच गेला. मग हात ताळ्यावर आला आणि टोक असं उतरलं, की भिंत इथेच थांबायची होती असं कुणालाही वाटावं.

परीक्षक आले. "हे आमचे गुरू," मॅडम म्हणाल्या. "ही जागा आम्ही यांच्याकडून शिकलो." ती खोटं बोलत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

एकाने टोकावरून हात फिरवला. "शेवट काय सुरेख केलाय हो."

"शेवट नव्हता तो," गवंडी म्हणाला. मॅडम घाईने त्यांना पुढच्या इमारतीकडे घेऊन गेल्या.

त्याने तिथेच बसून मेव्हण्याला फोन लावला.

"बोला दाजी. कधी यायचं कामाला?"

"काम नाही. दुसरीकडे बघा आता."

"असं कसं? त्या मॅडमनी शब्द दिला होता ना?"

"तुम्हाला कुठे दिला होता? तुम्हाला मी दिला होता."

मेव्हणा फोन ठेवेना. गवंडी तो तसाच कानाला लावून बसून राहिला.