एक जूनची माळ

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे. फुलांची नाही, मण्यांचीही नाही. चिंध्यांची. हा शब्द मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला तो तोंडातून काढावा लागणार नाही. आजवर मी तो पुष्कळांकडून ऐकला आहे आणि दर वेळी मला राग आला आहे.

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात नदीकडे उतरणारी एक गल्ली आहे. त्या गल्लीत रतनबाई गोधड्या शिवते. तिच्या शेजारी चांदभाई पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजतो. चौदा वर्षांपूर्वी रतनबाईनं जुन्या लुगड्याच्या काठाला पीळ देऊन एक लांब दोरी केली आणि तिच्यावर माझा पहिला तुकडा शिवला. पण मी का जन्मले, हे सांगायचं तर आधी गुरुजींची गोष्ट सांगायला हवी.

शाळेच्या पटावर पोरांची नावं लिहायला गुरुजी गल्लीत आले होते. त्यांना प्रत्येकाची जन्मतारीख हवी होती. गोजरबाई म्हणाली, "बाजरीच्या सोंगणीत झाला. सांजच्याला." दुसरी म्हणाली, "आमची म्हैस व्याली, त्याच्या तिसऱ्या दिशी." गुरुजींनी म्हशीची तारीख विचारली नाही. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि सगळ्या पोरांच्या नावांपुढे एकच तारीख लिहून टाकली, एक जून. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

मग कधीतरी शाळेत पोरांना कळलं, की जन्मतारखेला वाढदिवस असतो. ती सगळी ओरडत घरी आली, "माझा एक जूनला! माझाबी!" आयांना घोर पडला, की घरोघर गोडधोड करायचं कुठून? रतनबाई दाराशी बसून गोधडीला टाके घालत होती. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "समद्यांचा एकाच दिशी हाय, तर मंग एकच चूल पेटवा की."

तेव्हापासून आमच्या गल्लीत वाढदिवस तसाच होत आला. ज्याच्या घरी जे असेल ते मूठभर यायचं, शेंगा, गूळ, हुलगे. पोरं वडाची पानं आणायची आणि काड्या टोचून द्रोण करायची. सगळ्यांना रांगेनं बसवून एकाच निरांजनानं ओवाळायचं. मग अंधार पडेपर्यंत लगोरी. उष्टे द्रोण शेळ्या खाऊन टाकायच्या आणि सकाळी झाडायला काही उरायचं नाही.

आणि वर मी! गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी वाऱ्यावर हलत असायची. ज्या पोराचं नाव त्या वर्षी शाळेत घातलं असेल, त्याच्या आखूड झालेल्या कपड्याचा एक तुकडा त्या दिवशी माझ्यावर शिवायचा, अशी रीत होती. पोरं मोठी झाली तरी मान वर करून आपापला तुकडा शोधायची. एकदा श्रीरामपूरचा एक कापडवाला मला विकत मागू लागला. रतनबाई म्हणाली, "पोरंबी घेऊन जाता का संगं?"

ते माझे चांगले दिवस. बाकी वर्षभर मी खुंटीला असायची. एका उंदरानं माझं टोक कुरतडलं, तेव्हा रतनबाईनं दोन दिवस त्या उंदराला शिव्या दिल्या होत्या. म्हणून पुढं जे झालं ते मला फार लागलं.

मित्रांनो, गेल्या वर्षीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. भंडारदरा धरणाचं पाणी कालव्याला येईना. नदीत नुसती वाळू. बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं मिळणारी सुकडी, भाजक्या पिठाचा तो गोड चुरा, पदराला बांधून पोरांसाठी आणायची. एका दिवसाआड पाण्याचा टँकर यायचा आणि गल्लीतल्या मोठ्या पिंपात पाणी ओतून जायचा. दोन दिवस सगळ्या गल्लीनं तेच प्यायचं. ते पिंप कारभारीचं होतं. कारभारी पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याचं बरं चाललं होतं. पिंप त्याच्याच अंगणात असे, वर लाकडाचं जाड झाकण.

मे महिन्यात बायका पिंपापाशी बसून एक जूनचा बेत करू लागल्या. रतनबाई म्हणाली, "औंदा सुकडीचे लाडू करू. घरटी दोन मुठी द्या. सरबत न्हाई करायचं, पोराला एकेक पेला पानी, बास."

कारभारीची बायको भीमाबाई नुकतीच पुण्याला भावाकडे राहून आली होती. ती म्हणाली, "वाढदिवसाला सुकडी? कुनी ऐकलं तर हसंल. औंदा समदं मी बघते. आमच्या मच्छिंद्राला केक आनायचा, फुगे लावायचे."

"एकट्या मच्छिंद्राला?"

"बाकीची पोरं येतील की बघायला."

"आन् माळ?"

"राग मानू नका, रतनबाई. पन त्या चिंध्या आता पुरे झाल्या. मी कागदाच्या झिरमिळ्या आनल्यात, लाल आन् गुलाबी. पुन्यात समदे तेच लावत्यात."

हीच भीमाबाई तीन वर्षांपूर्वी मच्छिंद्राच्या हिरव्या झबल्याचा तुकडा घेऊन आली होती. तो मधोमध शिवा, कडेला नको, म्हणून भांडली होती. मला वाटलं, आता कुणीतरी तिला हे ऐकवेल. पण पिंप कारभारीचं होतं. बायका आपापले पदर नीट करत बसल्या.

रतनबाई घरी आली. तिनं मला खुंटीवरून ओढलं. इतक्या वर्षांत तिनं मला असं ओढलं नव्हतं. कचाकचा पीळ दिला, गोल वळलं आणि टोक आत खोचलं. "घे," ती म्हणाली, "चुंबळ तरी हो."

मित्रांनो, चुंबळ म्हणजे घागरीखाली डोक्यावर ठेवायचं कडं. गल्लीतल्या सगळ्या पोरांचं लहानपण अंगावर वागवणारी मी, आणि माझी चुंबळ! भीमाबाईचं मी समजू शकत होते. पण रतनबाईनं? पंधरा दिवस मी ओल्या घागरीखाली दबून राहिले आणि मनातल्या मनात दोघींनाही बोल लावत राहिले.

एक जून उजाडला. उन्हं कलल्यावर रतनबाई मला डोक्यावर ठेवून, घागर घेऊन निघाली. कारभारीच्या अंगणात थाट चालला होता. इकडून तिकडं झिरमिळ्या टांगल्या होत्या. श्रीरामपुराहून एस.टी.नं आलेला केक मांडायला उंच जागा हवी होती, म्हणून भीमाबाईनं पिंपाचं झाकण काढून दोन खोक्यांवर आडवं टाकलं होतं आणि वर चादर पसरली होती. पिंप मागं उघडंच होतं. मला ते दिसलं. पण चुंबळीला कोण विचारतो?

दाराशी चांदभाईची मुमताज उभी होती. सहा वर्षांची. तिचं नाव त्याच वर्षी पटावर चढलं होतं आणि तिच्या मुठीत पिवळ्या फ्रॉकचा तुकडा होता.

"माजाबी आज वाढदिवस हाय," ती म्हणाली.

"आज मच्छिंद्राचा हाय," भीमाबाई म्हणाली. "आन् आधी ती चिंधी टाक बघू. वाढदिवसाला कुनी चिंध्या घेऊन येतं का?"

मुमताजनं चिंधी टाकली नाही. ती मूठ पाठीमागं घेऊन भिंतीशी सरकली. रतनबाई पुढं झाली. तिनं मुमताजचा हात धरला. "चल गं, माझ्यासंगं पान्याला."

नदीच्या वाळूत बायकांनी झिरा उकरला होता. हातभर खोल खड्डा, आणि तळाशी पाझरेल तेवढं पाणी. रतनबाईचं कंबरडं दुखत होतं, म्हणून मुमताजच खड्ड्यात उतरली. वाटीनं पाणी घ्यायचं, घागरीत ओतायचं, आणि पुन्हा पाझरायची वाट बघायची. वाढदिवसाच्या दिवशी त्या पोरीनं घागर भरली ती अशी, वाटी वाटी करून. मध्येच तिनं विचारलं, "मावशे, मंग माजा वाढदिवस पटावरनं खोडला का?"

रतनबाईनं मला उचललं. घागर डोक्यावर घेतली, तेव्हा तिचा हात मला जरा जास्त वेळ धरून होता.

आम्ही परतलो तेव्हा गल्लीत कल्ला चालला होता. आमच्याकडं त्या दिवसांत उन्हं उतरताना वावटळ उठते, हे पुण्याहून आलेल्या झिरमिळ्यांना कुठून माहीत असणार? त्या एका झटक्यात तुटल्या आणि निम्म्या उघड्या पिंपात पडल्या. तो कागद पाण्यात पडला की रंग सोडतो. सगळ्या गल्लीचं दोन दिवसांचं पाणी लालभडक झालं होतं. फुगे उन्हानं आधीच फुटले होते. केकवरची साय वितळून चादरीवर ओघळली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. पोरं एकेक तोंडभर गोड खाऊन पाण्यासाठी रडत होती. गोजरबाई भीमाबाईवर ओरडत होती, "झाकन काढलं कशापायी? आता उद्या पोरांला काय पाजू, तुझा रंग?" कारभारी पिंपात बघत उभा होता. भीमाबाई खोक्यावर बसून रडत होती.

खरं सांगते, मला आनंद झाला. फार वेळ टिकला नाही, पण झाला.

भीमाबाईनं वर पाहिलं. "रतनबाई, घोट घोट तरी द्या पोरांला."

"पानी माझं न्हाई," रतनबाई म्हणाली. "मुमताजनं भरलंय. तिला इचार."

भीमाबाईनं डोळे पुसले. मग ती त्या सहा वर्षांच्या पोरीकडं वळली. "मुमताज, पानी देतीस का गं?"

मुमताजची मूठ अजून मिटलेली होती. ती म्हणाली, "आदी सांगा. आज कुनाचा वाढदिवस हाय?"

भीमाबाईनं मच्छिंद्राकडं पाहिलं. तेव्हा केक फासलेल्या तोंडानं मच्छिंद्रच ओरडला, "समद्यांचा! समद्यांचा हाय! आता दे की पानी!"

घागर खाली उतरली. पोरं रांगेनं बसली आणि एकेक पेला प्यायली. रतनबाईनं मला डोक्यावरून काढलं, पीळ सोडला आणि मांडीवर पसरून दोन्ही हातांनी सपाट केलं. मला वाटतं, ती माफीच होती. मग तिनं कनवटीची सुई काढून दोरा ओवला आणि मुमताजच्या हातात दिली.

माझ्या गोष्टीचा शेवट इथं गोड करता आला असता. पण मी खोटं सांगणार नाही. ते लाल पाणी म्हशीनंही तोंडात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर न जाता बायका दिवसभर झिऱ्यावर बसल्या. आणि यंदा? यंदा भीमाबाईनं मला बोलावलं, मुलांना एका रांगेत बसवलं, झाकणाला हात लावला नाही. पण माझ्या शेजारी प्लास्टिकची फुलं टांगली. म्हणाली, "यांचा रंग जात न्हाई." वाऱ्यानं पडलेली त्यांतली काही अजून नदीच्या वाटेवर आहेत. धुळीनं माखली, पण मरत नाहीत. शेळीनं एक चघळलं आणि टाकून दिलं. जे शेळीला कळतं ते माणसाला सांगायला मी किती वर्षं लोंबत राहू?

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वाढदिवसाला आईबाबा बेत करायला बसतील, तेव्हा तुम्हीही जवळ बसा. काय आणायचं हे ठरेल तेव्हा विचारा, की दुसऱ्या दिवशी ते कुठं जाईल? आणि दाराबाहेर कुणी उभं आहे का, हेही उठून बघून या. मला एवढंच मागायचं आहे.

मी आता थकले आहे. दोरी विरली आहे, काही तुकड्यांचा रंग ओळखू येत नाही. उद्या कुणी मला धुवायला काढलं आणि ठीकठाक करायला बसलं, तर कडेला एक पिवळा तुकडा दिसेल. त्याचे टाके वाकडेतिकडे आहेत आणि मागची गाठ इतकी मोठी आहे, की मला घडी घातली की टोचते. ती टोचू दे. तेवढे टाके उसवू नका.