बेसिनपुढची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. आता फार वेळ उभं राहवत नाही, पण तिवईला बसता कुठे येतं? सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं आणि म्हणाला, "तीन पायांची आहे, कसल्याही फरशीवर डुगडुगणार नाही." मी डुगडुगले नाही. माझ्यावर चढणारी मुलगी मात्र क्षणभर स्थिर नसायची. घरात तिला भिंगरीच म्हणत.

तिचा हात नळापर्यंत पोचावा म्हणून मला बेसिनपुढे ठेवलं होतं. रोज सकाळी आई स्वयंपाकघरातून एका दमात ओरडायची, "दात घास, चूळ भर, तोंड धू, केस विंचर, आणि नळ बंद कर गं!" भिंगरी ब्रश तोंडात घालायची, तेवढ्यात तिला फेसाचा बुडबुडा दिसायचा. मग बुडबुडाच. नळ वाहता, आणि खाली मी भिजत. "या कानाने ऐकते, त्या कानाने सोडते," आई वैतागून म्हणायची. तसं नव्हतं हो. पोर सगळं ऐकायची, पण त्यातलं काहीच तिच्या हाती टिकायचं नाही.

उपाय म्हणून आईने भिंतीवर चमकणारे स्टिकर लावले, गाणारा ब्रश आणला. आगीत तेलच! भिंगरी स्टिकर सोलून माझ्या पायांना चिकटवत बसली. एक अजून आहे.

एके दिवशी ती शाळेतून मुकाट आली. बाकावरच्या मैत्रिणीने बाईंकडे जागा बदलून मागितली होती. "हिच्या तोंडाला वास येतो," असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. भिंगरी माझ्यावर बसून खूप रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी तिचे आजोबा बेसिनपाशी आले. भिंतीवर उरलेले स्टिकर त्यांनी आधीच खरवडून काढले होते. तोंडातली कवळी हातात घेऊन ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "तू तुझे घास, मी माझे घासतो."

भिंगरी हसत सुटली, पण घासू लागली. दात झाल्यावरच ते म्हणाले, "आता चूळ." चूळ झाल्यावरच, "आता नळ." तिचं लक्ष उडालं की ते रागवत नसत, कवळीच जोरात घासत. त्या खरखर आवाजाने ती परत यायची. कित्येक सकाळी फुकट गेल्या, तरी ते शेजारी उभे राहिले. हळूहळू सवय लागली आणि मैत्रीणही बाकावर परत आली.

भिंगरी उंच झाली, तशी मी मोरीच्या कोपऱ्यात गेले. ओल खाऊन एक पाय कुजत आला. कुणी साधं पुसलं नाही मला.

परवा अचानक मला पुसून बेसिनपुढे ठेवलं. आता माझ्यावर आजोबा बसतात. कवळी हातात कशाला घेतली, हेच त्यांना आठवत नाही. आईने आतून हाक दिली, "बाबा, कवळी धुवा, तोंड पुसा, गोळी घ्या!"

आजोबा गोंधळून नळाकडे बघत राहिले.

"आई, थांब गं. एकेक," भिंगरी म्हणाली. तिने स्वतःचा ब्रश घेतला.

मित्रांनो, मी दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ज्याचं लक्ष उडतं त्याला दुरून ओरडू नका, शेजारी येऊन उभे राहा. आणि जमलं तर माझा पाय तेवढा दुरुस्त करायला सांगा. अजून काही दिवस मला उभं राहायचं आहे.

"आजोबा," भिंगरी म्हणत होती, "तुम्ही तुमचे घासा, मी माझे घासते."