चौदा वाघ आणि एक खांड

मी 'किर्र रानातला हाहाकार' बोलतोय. पानं शहाण्णव, ठार झालेले वाघ चौदा. मुखपृष्ठावर कॅप्टन प्रतापसेन एका हाताने अजगराचा गळा आवळतोय, दुसऱ्या हातात बंदूक आहे आणि डोक्यावरचा भांग जराही विसकटलेला नाही.

माझी कथा आफ्रिकेत घडते. आफ्रिकेत वाघ नसतात, हे माझ्या लेखकाला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारा गिरगावातल्या चाळीत बसून लिहायचा. त्याने पाहिलेलं सगळ्यात हिंस्र जनावर म्हणजे शेजारचं दूध पिणारा बोका. माझ्यात ओझी वाहणारी चाळीस माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही नाव नाही. बाई एकच आहे आणि ती तीनदा बेशुद्ध पडते.

असा मी पंचावन्न वर्षांपूर्वी उरणजवळच्या एका गावात, मिठागरवाल्यांच्या हरेश्वरच्या हाती लागलो. तो तेव्हा पाचवीत होता. बाप उन्हात मीठ ओढायचा आणि हा मिठाच्या राशीमागे सावलीला बसून मला वाचायचा. बापाने हाक मारली की म्हणायचा, "येतू, जरा वाघ मरूं दे." चौदा वाघ मरेपर्यंत दिवस मावळायचा. खोटं कशाला बोलू, इतक्या प्रेमाने मला पुन्हा कुणी वाचलं नाही. पान एकवीसवर त्याच्या घामेजल्या अंगठ्याचा डाग आहे, तो मी जपून ठेवला होता.

पुढे मिठागरं गेली, कंटेनरची यार्डं आली. हरेश्वरचा मुलगा परेश ट्रेलर आणि पोकलेन भाड्याने द्यायला लागला. हरेश्वरचा हरेश्वरभाऊ झाला आणि मी काचेच्या कपाटात गेलो. जुन्या साहसकथांचे गाढे रसिक म्हणून भाऊंचं तालुक्यात नाव झालं. एकदा न्हाणीत धामण निघाली, तेव्हा गाढे रसिक स्टुलावर चढले आणि त्यांची बायको नलू हिने झाडूने ती परसात हाकलली. त्याच संध्याकाळी भाऊंनी मला छातीशी धरून पाहुण्यांना चौथा वाघ वाचून दाखवला.

गेल्या भाद्रपद पौर्णिमेला गावच्या वाचनालयात भाऊंचं व्याख्यान होतं. विषय, 'जंगलकथांनी मला काय दिलं?'

इथे गावाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणात बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे दाणा पिकत नाही. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून बांधावर पळतो. हल्ली घरटी एका माणसाऐवजी घरटी एक फोन झालाय, ते सोडा.

भाऊ तेराव्या वाघावर आले होते. "धैर्य! धैर्य काय असतं ते मला या पुस्तकाने शिकवलं!" एवढ्यात दारातून हाक आली, "खांड परली! घरटी येक मानूस चला!"

पहिल्या रांगेतला चांगदेव हातातला पुष्पगुच्छ टाकून पळाला. त्याचं शेत बांधाला लागूनच, वर्षभराचं भात त्यातच. त्याच्या मागे नलू पदर खोचून पळाली. भाऊ माइकवरून सांगत होते, "बसा, बसा, दोनच वाघ राहिलेत." खुर्च्या ऐकत होत्या.

मग भाऊंनी परेशला फोन केला, "पोकलेन पाठव. पाच मिनिटांत काम होईल." पोकलेन आला. ओल्या मातीच्या बांधावर एवढं लोखंड चढवू नये, हे भाऊंचा बाप झोपेतही सांगू शकला असता. बांध खचला, यंत्र कलंडलं, ड्रायव्हरने उडी मारून जीव वाचवला आणि दोन हातांची खांड दहा हातांची झाली.

आता हाताशिवाय इलाज नव्हता. माणसांची रांग लागली. खणलेल्या चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायला लागले. चांगदेव खांडीत छातीभर पाण्यात उभा राहून ते रचत होता. भाऊ मला बगलेत मारून आले, कारण श्रोते तिथेच होते.

"घाबरू नका!" ते ओरडले. "अशाच प्रसंगी कॅप्टन प्रतापसेनने—"

"कॅप्टनला सांगा गोला उचलाला," नलू म्हणाली. तिच्या आणि पुढच्या माणसाच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. निम्मे गोळे तिथेच पाण्यात पडत होते.

"भाऊ, माजा भात पोटरीन आयलाय!" चांगदेवचा आवाज रडवेला होता. लोंब्या बाहेर पडायच्याच राहिल्या होत्या.

भाऊ रांगेत उतरले, पण एका हाताने. दुसऱ्यात मी. पहिलाच गोळा निसटला. नलू म्हणाली, "दोनी हात लागतान. त्या पुस्तक ठेवा खाली."

कोरडी जागा कुठेच नव्हती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला बांधावर ठेवलं आणि गोळा घेतला. पांढरा सदरा चिखलाने भरला, भांग विसकटला. ओहोटी लागता लागता बांधावरची शेवटची भेग राहिली, नेमकी मी होतो तिथे. भाऊंनी हातातला गोळा माझ्यावरच दाबला. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

चांगदेवचा बांधालगतचा तुकडा गेला, बाकी भात वाचलं.

सध्या मी बांधात आहे. वाघांचा लगदा झालाय, कॅप्टनच्या बुटापाशी एका खेकड्याने बीळ केलंय. भाऊ आता वाचनालयात या खांडीची गोष्ट सांगतात. परवा चांगदेव इथे उभा राहून नलूला सांगत होता, "आदी पानी कमरंला होता, मंग गल्याला आयला. आता त्यान मगर पन आयलीय!"

नलू हसली. "आसूं दे मगर. हाक आयली क आमचा मानूस पयला पलतंय आता."

मगरीचं मीही मनावर घेत नाही. माझी विनंती एवढीच, भाऊंना उद्या माझी आठवण येऊन गहिवरून आलं, तरी त्यांना कुदळ देऊ नका. मला उकरून काढलंत तर पाणी आत येईल.