भावाची मुलगी

“शामला नत्थू डोंगरे तुमची कोण?”

तहसील कचेरीतून आलेला कारकून चर्चच्या ऑफिसात पंख्याखाली बसून कागद उलटत होता. समोर रुपराव डोंगरे उभा होता. तोही कारकूनच, पण चर्चचा. बावीस वर्षं बाप्तिस्म्यांची, लग्नांची आणि मरणांची रजिस्टरं त्याच्याच हाताने लिहिलेली होती. पाठीमागच्या कपाटात सत्तावन सालचं रजिस्टर होतं. त्यात शामलाच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, आईचं नाव गोपिका, बापाचं रुपराव.

घोळ झाला तो गावच्या शाळेत. गोपिका आजारी पडली म्हणून शामलाला लहानपणी उमरेडकडच्या गावी धाकट्या भावाकडे, नत्थूकडे ठेवलं होतं. नत्थूने तिला शाळेत घातलं आणि गुरुजींनी, पोरगी आणणारा तोच बाप समजून, त्याचं नाव लिहून टाकलं. पुढे ती घरी परत आली, पण दुरुस्ती करू, करू म्हणत पोरगी त्याच नावावर मॅट्रिक झाली. शेवटी तेच नाव कामाला आलं. नत्थू हिंदूच राहिला होता, त्यामुळे त्याची मुलगी म्हणून शामलाला जातीचा दाखला मिळाला, आणि दाखल्यावर टेलिफोन एक्स्चेंजमधली राखीव जागा. रुपरावला हे तिने नेमणुकीचा कागद हातात आल्यावर सांगितलं.

दोघे भाऊ एका आईच्या पोटचे, एकाच विहिरीवरून हाकललेले. हाकलताना कोणी धर्म विचारला नव्हता. सवलतीच्या वेळी मात्र सरकारला ख्रिस्ती भावाची जात दिसेनाशी व्हायची. याच अन्यायाविरुद्ध रुपराव बारा वर्षं अर्ज करत होता, सह्या गोळा करत होता, पाळकसाहेब नको म्हणत असताना मोर्चे काढत होता. “येशूनं आपल्याले लपाले नाही सांगतलं,” असं तो घरोघर सांगायचा. आणि त्याच्याच घरात हे झालं. मग कोणीतरी निनावी तक्रार केली, की पोरगी ख्रिस्ती आहे.

रविवारी शामला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती.

“बाबा, तुमी खोटं बोला असं मी म्हणून नाही राहिली. पण खरं सांगतलं तर नोकरी जाते. मंग मी काय करू?”

“तू मले विचारलं काहून नाही, बाई?”

“विचारलं असतं तर तुमी हो म्हटलं असतं?”

गोपिका भाकरी थापताना थांबली होती. तिने एवढंच म्हटलं, “तुमचा मोर्चा जिंकेपर्यंत पोरीनं काय झाडू मारावा? माह्या मायनं मारला, म्या मारला. आता पुरे झालं ना जी.”

आता कारकून वाट पाहत होता.

“भावाची पोरगी आहे जी,” रुपराव म्हणाला. “शिकाले माह्याकडे होती.”

“तिचा बाप्तिस्मा वगैरे झाला नाही ना?”

“नाही.”

“लिहून द्या.”

रुपरावने लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं, याचंच त्याला नवल वाटलं. कारकुनाची नजर कपाटाकडे गेली. त्याने मागितलं असतं तर रुपरावने रजिस्टर काढूनही दिलं असतं. पण कारकून हसून उठला.

“राहू द्या. तुम्ही चर्चची माणसं, तुम्ही कशाला खोटं बोलाल?”

बावीस वर्षांचा खरेपणा असा एका दमात खर्ची पडला.

पुढच्या रविवारी रुपरावने चर्चमध्ये नेहमीचं शास्त्रवाचन केलं नाही. नजर कमी झाली, असं पाळकसाहेबांना सांगितलं. ते बिचारे भले, त्यांनी मिशनच्या दवाखान्यात चष्म्यासाठी चिठ्ठी दिली. रुपराव ती खिशात घालून हिंडत राहिला. तक्रार पुन्हा होऊ नये म्हणून शामलाने धरमपेठेत मैत्रिणीबरोबर खोली घेतली. ती चर्चमध्ये यायची नाही, घरीही नाही. शनिवारी गोपिका डबा घेऊन जायची आणि पोरगी बरी आहे एवढं येऊन सांगायची.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन भरलं. रुपरावचा मोर्चा निघाला. माणसं दीडशेच होती, पण बाया गीत गात चालल्या होत्या आणि रुपराव पुढे होता. मोर्चात तरी त्याला खोटं बोलावं लागत नव्हतं. सीताबर्डीजवळ पोलिसांनी दोर लावून अडवलं, तसे सगळे रस्त्याच्या कडेला बसले.

तेवढ्यात समोरून दोन मुली आल्या. एक शामला होती. चांगली साडी, खांद्याला पर्स, केस नीट बांधलेले. तिला असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. ओळख दाखवू नये म्हणून त्याने मान वळवली, पण तिच्याच्याने पुढे जाववलं नाही.

“कोण वं हे?” सोबतच्या मुलीने विचारलं.

“माहे मोठेबाबा,” शामला म्हणाली. “सुमती, मी यायच्याच घरी राहून शिकली.”

आणि तिने वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्यांच्या घरात कोणी कोणाच्या पाया पडत नसे. देवापुढे वाकायचं, माणसापुढे नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिची बोटं पावलावर जरा जास्तच वेळ राहिली. रुपरावने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बरी आहेस ना पोरी?”

“हो.”

सुमती मोकळ्या स्वभावाची होती. तिनेही नमस्कार केला आणि आपलेपणाने विचारलं, “मोठेबाबा, तुमाले पोरंबारं किती जी?”

शामला रस्त्याकडे पाहू लागली.

“नाही बाई,” रुपराव म्हणाला. “आमाले काही झालं नाही.”

“असू द्या. हे आहे ना तुमाले पोरीसारखी.”

“हो,” तो म्हणाला, “पोरीसारखीच आहे.”

जेवणाची सुट्टी संपत आली होती. दोघी निघाल्या. शामला कोपऱ्यापर्यंत मागे न बघता गेली, आणि तिने मागे बघू नये अशी रुपराव मनातल्या मनात प्रार्थना करत राहिला.