दुःख कमी पडतंय

माझा धाकटा भाऊ आठ महिने सुतकी चेहरा घेऊन फिरत होता आणि नेमका रेकॉर्डिंगच्या दिवशी खुलला. आता याला काय म्हणावं!

गाणं त्याचंच. त्याची बायको घर सोडून गेली तेव्हा लिहिलेलं. कंट्री-रॉक, म्हणजे गिटार, लांबचा रस्ता आणि गाडीत एकटा माणूस. 'बाजूची सीट रिकामी, पट्टा मात्र लावलेला,' अशी एक ओळ होती त्यात. घरात मी दगड म्हणून प्रसिद्ध आहे, पण पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बेस गिटार खाली ठेवून मी तोंड धुऊन आलो होतो.

ड्रम, गिटार, माझा बेस, सगळं आधीच वाजवून झालं होतं. फक्त आवाज उरला होता आणि तिथेच घोडं अडलं. आदल्या दिवशी तिने त्याला फोन केला होता. "परत यायचं का, ते उद्या सांगते," एवढंच म्हणाली. तेवढ्यावर पठ्ठ्या हवेत! विरहाचं गाणं वाढदिवसाला गावं तसं गात होता. चौदा टेक झाले. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्ट डोक्याला हात लावून बसला.

"सुरात आहे हो," तो मला म्हणाला, "पण दुःख कमी पडतंय. आज झालं नाही तर पुढे महिनाभर मी नाही, सांगून ठेवतो."

माइकपाशी फोन नेऊ देत नसत, म्हणून धाकट्याचा फोन माझ्याकडे होता. तेवढ्यात तो वाजला. मी जिन्यात जाऊन घेतला. तीच होती.

"दादा, तो गातोय का? मग तुम्हीच सांगा त्याला. मी येतेय, सहाच्या बसने. त्याच्याशी बोलायचा मला धीरच होत नाहीये."

"सांगतो. ये गं बाई, फार वाट बघायला लावलीस."

आणि मग मला शहाणपण सुचलं. चार मिनिटांचं तर गाणं. ते झालं की सांगायचं, वेड्या, ती येतेय. तो मला दोन शिव्या घालेल, मिठी मारेल, विषय संपला. मी आत गेलो आणि म्हणालो, "तिचा फोन आला होता. नाही येत म्हणाली."

त्याने 'का' म्हणूनसुद्धा विचारलं नाही. हेडफोन सारखे केले आणि मान हलवली. मग तो जे गायला, ते काय सांगू! दुसऱ्या कडव्यात आवाज चिरला, तो त्याने सावरलाच नाही, तसाच पुढे नेला. रेकॉर्डिस्टने चष्मा काढून ठेवला.

गाणं संपल्या संपल्या मी धावत आत जायला हवं होतं. पण रेकॉर्डिस्ट म्हणाला, "थांबा, ऐकून बघू," आणि मी थांबलो. एकदा ऐकलं. मग पुन्हा एकदा. खोटं बोलल्यापेक्षा मला त्या आठ मिनिटांची जास्त लाज वाटते. मधेच धाकटा आला, माझ्यासमोरचा त्याचा फोन उचलून बाहेर गेला, तेही मी पाहिलं आणि त्याला हातानेच 'आलोच' अशी खूण केली.

तो जिन्यात बसला होता.

"ती येतेय," मी म्हणालो. "सहाच्या बसने. मघाशी मी खोटं बोललो. टेकसाठी."

त्याने हातातला फोन पायरीवर ठेवला.

"मी आत्ताच फोन केला तिला. ती म्हणाली, दादांनी सांगितलं ना? म्हटलं, सांगितलं. वर मीच म्हटलं, बरं झालं एकदाचं कळलं. आता मीही वाट बघत नाही, तुझ्या वस्तू बांधून पाठवतो."

"मग?"

"'बरं' म्हणाली आणि ठेवला."

त्याने पुन्हा लावला, मी लावला. फोन बंद. तिच्या बहिणीला गाठून मी सगळं खरं खरं सांगितलं, अगदी चौदा टेकसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "दादा," ती म्हणाली, "आता त्याच्यासाठी आणखी खोटं बोलू नका."

तरी आम्ही स्टॉपवर गेलो. सहाची बस आली, माणसं उतरली, शेवटी ड्रायव्हरही उतरून चहाला गेला. साडेसातचीही बघितली. धाकटा बाकावर बसून होता. शिवी घालेल म्हणून मी वाट बघत होतो, तर तीही नाही.

"दादा," तो म्हणाला, "टेक चांगला झाला का रे?"

"चांगला झाला," मी म्हणालो. खरंच झाला होता.