दोनशे अंकांची यादी

घटस्फोटानंतरची तीन वर्षं अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या लायलनं एका यादीत घालवली: पाच कॉमिक मालिकांचे दोनशे अंक लेकीनं, टेसानं, कोणत्या क्रमानं वाचावेत. एका मालिकेतली माणसं दुसरीत घुसायची. क्रम चुकला, की नायक मरणार हे आधीच कळायचं. यादी होईपर्यंत टेसाला त्यानं अंकांच्या खोक्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. या शनिवारी मात्र ती आईकडून आल्याआल्या त्यानं यादी पुढे केली.

“बाबा, तो मरतो, माहितीये मला. ग्रेगनं वाचून दाखवलं की.” ग्रेग म्हणजे तिच्या आईचा नवा नवरा.

“कुठल्या क्रमानं?”

“कसला क्रम! हाताला लागेल तो अंक. ढसाढसा रडलो आम्ही दोघं.”

“मग चुकीचंच वाचलंत,” लायल म्हणाला.

“बरं,” म्हणत टेसानं आईला फोन लावला, लवकर न्यायला ये म्हणून.