वळणावरचा हात

सायकलच्या घंटीची ती एवढीशी पट्टी — अंगठ्याने दाबली की टिंग, सोडली की परत टिंग — आणि तेवढ्याशा आवाजावर माणसं खरंच बाजूला होतात, यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. अंगणात सायकल स्टँडवर होती आणि तो शेजारी उभा राहून उगाच पट्टी दाबत होता. इंजिनाचा भोंगा कसा थेट छातीत घुमायचा, लांबच्या शेतातली गुरं मान वर करायची... आणि तरीही...

"अहो, पुरे झालं," बायको आतून ओरडली. "शेजाऱ्यांना वाटेल आइस्क्रीमवाला आलाय."

एरवी त्याने तिला उलट काहीतरी सुनावलं असतं. आज मात्र सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं, दाढी करताना हनुवटी कापून घेतली, चहा निवू दिला, चपला घालून पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. आज मुलगी त्याला शेवटापर्यंत नेणार होती, आणि शेवटापर्यंत म्हणजे वळणावरून. लाइन बंद पडली, रूळ उचलून नेले, त्याच्या जागी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी गुळगुळीत राखाडी रस्ता झाला, बाकं आली, दिवे आले, एक जुना सिग्नल रंग देऊन शोभेला उभा केला गेला — आणि ज्याने त्या लाइनीवर उभी हयात इंजिन चालवलं तो मात्र गावाकडच्या टोकाशीच घुटमळत राहिला. "बाबा, लाइन तुमची आणि फिरतंय सगळं गाव," मुलगी म्हणायची. ती रोज त्याच रस्त्याने कामावर जायची. तिला वळणाचं माहीत नव्हतं. तेव्हा ती पाळण्यात होती, आणि पुढे सांगायची वेळ कधी आलीच नाही. आली नाही कसली, मी येऊ दिली नाही.

या वयात सायकल शिकणं म्हणजे घरादाराला करमणूक झाली होती. चूक एकच, पण रोजची. रस्ता वळला तरी तो हँडल वळवायचाच नाही. वेग सांभाळायचा, ब्रेक अगदी हळुवार लावायचा, नजर पार लांबवर ठेवायचा, आणि सरळ झुडपात जायचा. "बाबा, रस्ता तुम्हाला वळवणार नाही," मुलगी त्याच्या बाहीला चिकटलेली कुसळं काढत म्हणायची, "तुम्ही वळायचं असतं!" हातांना ते ठाऊकच नव्हतं. वेग वाढवायचा आणि कमी करायचा, एवढंच त्यांचं काम. कुठे जायचं ते रुळांनी बघायचं.

आणि मनाला आधार तर त्याचाच होता. तेव्हा, वळणावरच्या त्या अपघातानंतर, बरोबरच्या ड्रायव्हरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "अरे, गाडीला काय हँडल असतं का?" चौकशीतही तेच निघालं. भोंगा वेळेवर दिला होता, ब्रेक वेळेवर लावला होता, चालकाचा दोष नाही. ब्रेक लावूनही गाडी पुढे जातच राहते हे कोणालाही कळतं. त्या एका वाक्यावर डोकं टेकून मी इतकी वर्षं झोपलो... गाडीला हँडल नसतं.

मुलगी आली, दोघं निघाली. ती पुढे, तो मागे. पूल गेला — खाली आता बायका निवांत गप्पा मारत बसल्या होत्या — रंगवलेला सिग्नल गेला, आणि त्याचा अंगठा घंटीवर येऊन बसला, समोर कोणी नसताना. इथून भोंगा द्यायचा. इथूनच दिला होता. मग वळण, आणि वळण संपता संपता ती पाठ. निळा शर्ट, हातात पिशवी, दोन रुळांच्या मधोमध. त्या माणसाने मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात वर केला, बस थांबवायला करतात तसा. थांब, असं तो हात म्हणाला आणि मी थांबवू शकलो नाही... बाकी सगळं पुसट होत गेलं, हात नाही.

"बाबा, हँडल!" पुढून मुलगी ओरडली आणि वळणाआड गेली.

वळणावर, रस्त्याच्या मधोमध, एक पाठ होती.

एक लठ्ठशी बाई, पायांत पांढरे बूट, काखेत पिशवी, सावकाश चाललेली. अंगठा दाबला गेला — टिंग, परत टिंग. बाईने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालताच तिने हात वर केला.

"जा, जा, ऐकलंय मी," ती म्हणाली.

हँडल वळलं. त्याने वळवलं की हातांनीच, कोण जाणे, पण सायकल तिच्या बाजूने अलगद निघाली, वळण मागे पडलं, झुडूप मागे पडलं, आणि थोडं पुढे जाऊन त्याने पाय टेकवला. बाई त्याच्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

जा. ऐकलंय मी.

मागे न बघता वर केलेला हात... तो थांब म्हणतो हे मला कोणी सांगितलं होतं? मीच ठरवलं होतं, भोंग्याच्या त्या आवाजात, क्षणभरात. थांब म्हणाला असेल, तर मी थांबू शकलो नाही, गाडीला हँडल नसतं, संपलं. पण ये म्हणाला असेल, तर? ऐकलंय मी, ये, मी हलणार नाही, म्हणाला असेल, तर मी त्याचा कोण होतो? सायकल धरून उभं असताना त्याला भीती वाटली, तेव्हा इंजिनातही वाटली नव्हती इतकी. आणि या प्रश्नाला टेकायला एकही वाक्य त्याच्यापाशी नव्हतं.

पुढे लांबवर मुलगी सायकल थांबवून मागे बघत होती. तिला हाक मारावी, जवळ बोलवावं, इथे या बाकावर बसवून सगळं सांगावं, अगदी आत्ता, असं त्याला फार वाटलं. पण हाकेऐवजी त्याने हात वर केला.

मुलीने पाहिलं. तिनेही हात हलवला, हसली असावी, आणि पुन्हा पॅडल मारत पुढे निघून गेली.

तो तसाच उभा राहिला, हात वर धरून, आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला.